झोपाळू सॅमंथेचा खटला

इ.स. १९९५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठाचे प्रोव्होस्ट, म्हणजे अध्यक्षांच्या खालोखाल विद्याविषयक कारभार पाहणारे अधिकारी, जॉन वेस्टलिंग यांनी एका भाषणात सॅमंथा नावाच्या विद्यार्थिनीची हकिकत सांगितली. तास संपल्यावर एक लाजरी, तरीही ठामपणे बोलणारी मुलगी आपल्याजवळ आली. कानांवर पडलेले ग्रहण करण्यात तिला अडचण आहे, असे सांगणारे पत्र तिने हाती दिले आणि तिला काय काय लागेल याची यादीच त्यात होती. लहान चाचण्यांना दीडपट वेळ, सत्रमध्याच्या परीक्षेला दुप्पट, अंतिम परीक्षेला तिप्पट. परीक्षेसाठी स्वतंत्र खोली. वर्गात पुढची जागा. शिवाय व्याख्यान चालू असता तिला झोप लागण्याचा संभव होता, तेव्हा त्या वेळात बुडालेला भाग तिला नंतर समजावून द्यावा! श्रोत्यांना हसू आवरले नसेल तर नवल नाही. ‘झोपाळू सॅमंथा’ या नावाने ही मुलगी पुढे गाजली, आणि उच्च शिक्षणाचा दर्जा कोण खाली ओढीत आहे याचे उत्तर अनेकांना तिच्या रूपाने सापडल्यासारखे वाटले.

१९९७ च्या एप्रिल महिन्यात हेच वेस्टलिंग न्यायालयात साक्षीला उभे राहिले. एव्हाना ते विद्यापीठाचे अध्यक्ष झाले होते. तेथे त्यांनी कबूल केले, की सॅमंथा नावाची कोणी विद्यार्थिनी नव्हतीच. ती त्यांनी रचली होती. इतकेच नव्हे, तर तिच्याशी मिळतीजुळती अशी एकही विद्यार्थिनी त्यांना प्रत्यक्षात कधी भेटलेली नव्हती.

जी मुलगी जन्मलीच नाही, तिच्यापायी किती खऱ्या मुलामुलींची विद्यापीठातील बैठक डळमळली, त्याची ही कथा आहे. बोस्टन आपल्यापासून दूर आहे खरे. परंतु आज आपल्या धर्मग्रामांतून मुले मोठ्या संख्येने महाविद्यालयात जातात, आणि त्यांतील काहींचा मेंदू अक्षरांशी, आकड्यांशी वा गजबजलेल्या वर्गाशी इतरांप्रमाणे जुळत नाही. अशा मुलाच्या घरी जे प्रश्न कुजबुजत विचारले जातात, ते बोस्टनच्या न्यायालयात उघडपणे विचारले गेले होते. म्हणून तो इतिहास थोड्या विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मुळात ही अडचण कोणाच्या ध्यानी आली, ते प्रथम पाहू. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात समुद्रकाठी सीफर्ड नावाचे गाव आहे. तेथील डॉक्टर डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन यांनी ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या पर्सी नामक मुलाविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. मुलगा तल्लख, खेळात समवयस्कांच्या मागे नाही, दृष्टी निर्दोष. आकडेमोड त्याला जमे. तथापि वर्षानुवर्षे शिकवूनही लिखित शब्द त्याच्या हाती लागत नव्हता. आपले स्वतःचे नाव लिहिताना त्याने अक्षरांची अदलाबदल करून ‘पर्सी’चे ‘प्रेसी’ केले, आणि चूक त्याच्या लक्षातही आली नाही. त्याच्या शिक्षकांचे मत डॉक्टरांनी नमूद केले आहे: शिक्षण केवळ तोंडी असते, तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता.

त्या शिक्षकाविषयी आम्हांला विशेष आदर वाटतो. मुलाला वाचता येत नाही म्हणजे त्याला बुद्धी नाही, असा सोपा निष्कर्ष त्याने काढला नाही. आपल्याकडे अशा मुलाला ‘ढ’ म्हणून मोकळे होण्याची रीत होती. ब्राह्मी लिपीपासून आजवर बाकीच्या अक्षरांनी रूपे पालटली, ‘ढ’ मात्र होता तसाच राहिला, म्हणून न शिकणाऱ्याला ‘ढ’ म्हणायचे, अशी त्याची उपपत्ती सांगतात. गंमत म्हणून ती छान आहे. ज्याच्या पाठीवर ते अक्षर डकवले गेले, त्याला त्यातली गंमत कळली असेल काय?

‘डिस्लेक्सिया’ हा शब्द श्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्येच वापरला होता. मॉर्गननंतर ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवूड यांनी असे रुग्ण गोळा करून १९१७ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ पासून या विषयाला वाहून घेतले. १९६३ मध्ये शिकागो येथे जमलेल्या पालकांपुढे बोलताना सॅम्युएल कर्क यांनी ‘लर्निंग डिसेबिलिटी’, म्हणजे आपण आज अध्ययन-अक्षमता म्हणतो, ती संज्ञा सुचवली. हे पालक अनेक वर्षे निरनिराळ्या नावांच्या गोंधळात चाचपडत होते. त्यांनी ती तत्काळ उचलली. वैद्यकाचा हा इतिहास येथेच सोडू. त्यातून एक गोष्ट निष्पन्न झाली: ही अडचण आळसाची नाही, घरच्या संस्कारांची नाही, दृष्टीचीही नाही, ती मेंदूच्या घडणीची आहे आणि वय वाढल्याने नाहीशी होत नाही.

हे शेवटचे वाक्य विद्यापीठांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९७२ मध्ये, आणि सबंध अमेरिकेने १९७५ मध्ये, प्रत्येक अपंग मुलाला शाळेत योग्य शिक्षण मिळालेच पाहिजे असा कायदा केला. त्या कायद्याखाली शिकलेली पिढी दहाबारा वर्षांनी विद्यापीठांच्या दाराशी येऊन उभी राहिली. पूर्वी अशी मुले आठवीदहावीतच गळून जात. विद्यापीठांना ती दिसतच नसत. आता ती दिसू लागली, आणि त्यांच्या हाती आणखी एक कायदा होता. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे ५०४ वे कलम सांगत होते, की शासकीय निधी घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला केवळ अपंगत्वामुळे कोणाला वगळता येणार नाही. हे कलमही सुखासुखी अमलात आले नाही. त्याचे नियम चार वर्षे रखडले. अखेर एप्रिल १९७७ मध्ये अपंग स्त्रीपुरुषांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत जवळजवळ चार आठवडे ठाण मांडले, चाकांच्या खुर्च्यांसह, औषधांवाचून; तेव्हा कोठे २८ एप्रिल रोजी मंत्र्यांची सही झाली. १९९० च्या कायद्याने हे संरक्षण खासगी संस्थांपर्यंत अधिक विस्तारले.

बोस्टन विद्यापीठ या बाबतीत मागासलेले नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. उलट, अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तेथे जो खास विभाग होता, तो देशभर नमुनेदार मानला जाई. तज्ज्ञ संचालक, प्रशिक्षित सहायक, आलेल्या अहवालांची छाननी, प्राध्यापकांना पत्रे; सारे काही पद्धतशीर चाले. विद्यापीठ भावी विद्यार्थ्यांना आपल्या या सेवेची माहिती अभिमानाने देई आणि तिच्या भरवशावर मुले इतर ठिकाणचे प्रवेश सोडून तेथे येत. काही मोजक्या विद्यार्थ्यांना परकीय भाषेच्या सक्तीऐवजी त्या देशाच्या संस्कृतीचा वा इतिहासाचा अभ्यासक्रम घेण्याची मुभा दिली जाई. ज्याला मातृभाषेचीच अक्षरे जुळवताना घाम फुटतो, त्याला दुसऱ्या भाषेची चार सत्रे म्हणजे काय दिव्य असेल, याची कल्पना त्यामागे होती.

वेस्टलिंग यांना ही मुभा मुळीच मान्य नव्हती. १९९५ मध्ये त्यांच्या ध्यानात आले, की विद्यापीठाच्या विद्वत्सभेला न विचारता एक कार्यालय असे बदल मंजूर करीत आहे. हा आक्षेप आमच्या मते पोकळ नव्हता. पदवीसाठी काय आवश्यक, हे ठरवण्याचा अधिकार शिक्षकांच्या मंडळाचा आहे; तो कोणत्याही कार्यालयाने परस्पर वापरणे बरे नव्हे. पण वेस्टलिंग यांनी तो प्रश्न शिक्षकमंडळापुढे नेला नाही. त्यांनी स्वतःच निर्णय करून टाकला: परकीय भाषा आणि गणित यांना यापुढे पर्याय मिळणार नाही. शिवाय वर्ष चालू असतानाच नवे नियम आले. विद्यार्थ्याची तपासणी गेल्या तीन वर्षांतली हवी, जुनी असल्यास पुन्हा करून घ्या. तपासणारा डॉक्टर किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञच हवा. आणि प्रत्येक विद्यार्थ्याची कागदपत्रे अध्यक्षांच्या दालनात तपासली जातील. त्या दालनात ज्यांनी ती तपासली, त्यांच्यापैकी कोणालाही या विषयाचे प्रशिक्षण नव्हते. विभागाच्या संचालकांनी १९९६ च्या प्रारंभी राजीनामा दिला. त्यांच्या काही सहकाऱ्यांनीही वाट धरली. विद्यार्थ्यांना ओळखणारी माणसे अशा रीतीने ऐन परीक्षांच्या दिवसांत नाहीशी झाली.

येथे एक विलक्षण गोष्ट सांगण्यासारखी आहे. वेस्टलिंग यांच्या आधी, १९७१ पासून, त्या विद्यापीठाचे अध्यक्षपद भूषविणारे जॉन सिल्बर हे जन्मतः उजव्या हाताने अधू होते. कोपराखाली तो हात जवळजवळ नव्हताच. तत्त्वज्ञानाचे हे कडक प्राध्यापक स्वतःच्या जिद्दीवर तेथवर पोहोचले होते, आणि वेस्टलिंग हे त्यांच्याच तालमीतले. स्वतःच्या अंगावर झेललेल्या माणसाला इतरांची अडचण लवकर कळेल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात अनेकदा उलटच होते. ‘मी निभावले, तू का नाही?’ हा प्रश्न अशाच माणसाच्या ओठांवर आधी येतो. शिवाय अधू हात दिसतो. अक्षरे जागची हलताना मात्र ज्याची त्यालाच दिसतात.

काय घडले असेल त्या विद्यार्थ्यांच्या मनात? दहा वर्षे आपल्या अडचणीला नाव मिळावे म्हणून धडपडलेला तरुण विद्यापीठात येतो. येथे आपल्याला ओळखणारी माणसे आहेत असे त्याला वाटू लागते. मग एके दिवशी पत्र येते: तुझे कागद जुने झाले, नवे आण. वीस वर्षांच्या मुलाला पुन्हा तासन् तास चाचण्या द्यायच्या, त्यांचा खर्च सोसायचा, आणि ज्यात आपण कमी आहोत असे आयुष्यभर ऐकले त्याचीच पुन्हा उजळणी करायची. त्याच सुमारास अध्यक्षांचे भाषण त्याच्या वाचनात येते. मजेने सांगितलेली झोपाळू मुलगी कोण, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. ती आपणच, हे तो ओळखतो. वर्गात शेजारी बसलेला मित्रही आपल्याला तसेच समजत असेल काय, ही शंका एकदा मनात शिरली, की पुढच्या बाकावर बसण्याचे धैर्य राहत नाही. विद्यापीठ या शब्दात ‘पीठ’ आहे, म्हणजे आसन. आसन काढून न घेताही माणसाला त्यावरून उठवता येते.

१९९६ च्या जुलै महिन्यात काही विद्यार्थ्यांनी विद्यापीठावर दावा लावला. विधिशाखेत शिकणारी एक विद्यार्थिनी त्यांत अग्रभागी होती. तिच्या वाचन-अक्षमतेचे निदान पदवीच्या पहिल्या वर्षी झाले होते. म्हणजे तोवरचे सारे शालेय शिक्षण तिने निदानावाचून पार पाडले होते. हिला झोपाळू म्हणणे कठीण होते.

खटला बोस्टनच्या संघीय न्यायालयात न्यायमूर्ती पॅटी सॅरिस यांच्यासमोर दोन आठवडे चालला आणि १५ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल लागला. निकालपत्र दीर्घ आहे, पण त्याची मांडणी कोणालाही पटावी अशी आहे. न्यायमूर्तींनी दोन गोष्टी एकमेकींपासून अलग केल्या. विद्यापीठाला आपला दर्जा ठरवण्याचा अधिकार आहे काय? आहे. तो अधिकार संशयाच्या आणि ऐकीव गोष्टींच्या आधारे वापरता येईल काय? येणार नाही. सॅमंथेची गोष्ट, त्यांच्या मते, वेस्टलिंग यांच्या मनातील एका ठाम समजुतीचे रूप होती. अशी मुले बहुधा सोंगाडी असतात, ही ती समजूत, आणि तिला आधार होता वृत्तपत्रांतील मजकुराचा व सांगोवांगीचा.

तपशिलातही हा निकाल मोठा समतोल आहे. वाचन-अक्षमता अठरा वर्षांनंतर बदलत नाही, असा पुरावा निर्विवाद होता. म्हणून दर तीन वर्षांनी फेरतपासणीची मूळ सक्ती बेकायदा ठरली. अवधान टिकवण्याची अडचण मात्र वयानुसार कमीअधिक होऊ शकते, म्हणून तिच्यापुरती ताजी तपासणी मागणे रास्त मानले गेले. अध्ययन-अक्षमता ओळखायला वैद्यकाचीच वा डॉक्टरेटचीच पदवी हवी, हा आग्रह फेटाळला. अनुभवी विशेष शिक्षकही ती ओळखू शकतो. सॅमंथेच्या जन्मदात्याने स्वतः कागदपत्रे तपासावीत, हेही न्यायालयाला रुचले नाही. गणिताच्या बाबतीत विद्यार्थ्यांचा दावा टिकला नाही. सहा विद्यार्थ्यांना मिळून सुमारे ३०,००० डॉलर भरपाई देण्यात आली. अमेरिकन खटल्यांच्या मानाने ही रक्कम किरकोळच.

परकीय भाषेचे काय? न्यायमूर्तींनी तो विषय विद्यापीठाकडेच परत पाठवला, मात्र एका अटीवर. एका अधिकाऱ्याच्या मनात आले म्हणून नको. शिक्षकांची समिती नेमा, ही सक्ती पदवीच्या गाभ्याशी खरोखर निगडित आहे काय, पर्याय दिल्यास पदवीचे स्वरूप मुळातून बदलेल काय, याचा विचार करा आणि कारणे लिहून द्या. समिती बसली. तिने अनेक बैठका घेतल्या आणि निर्णय दिला, की परकीय भाषा मुळातून शिकणे हा त्या पदवीचा गाभाच आहे. अनुवाद वाचून ते साधत नाही. १९९८ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती सॅरिस यांनी तो निर्णय मान्य केला.

म्हणजे, ज्या एका मुद्द्यावरून सारे रण माजले, त्यावर विद्यार्थी अखेर हरले. दोन्ही पक्षांनी आपापला विजय जाहीर केला, आणि एका परीने दोघांचेही खरे होते. आम्हांला व्यक्तिशः समितीचा निष्कर्ष जरा कठोर वाटतो. आपल्या मुलांना तीन-तीन भाषांचे ओझे वाहताना आपण रोज पाहतो. पण निष्कर्ष चुकला असे मानले, तरी पद्धत योग्य होती. ‘तुम्हांला हे जमणार नाही, आणि आमच्या पदवीला तर ते हवेच’ असे विचारान्ती, तोंडावर सांगितलेले ऐकून घेता येते. ‘तुम्ही सोंग करता’ हे ऐकून घेता येत नाही. पहिल्या उत्तरात विद्यार्थ्याला विद्यापीठाचा घटक मानलेले असते, दुसऱ्यात नसते. आपलेपणा म्हणजे मागेल ते मिळणे, असे आम्हांला वाटत नाही. आपला शब्द खरा धरून कोणी विचार करील, इतका विश्वास म्हणजे आपलेपणा. वेस्टलिंग यांनी नेमका तोच मोडला होता.

ज्या काळात हा खटला चालला, त्याच काळात अशा माणसांनी स्वतःविषयी बोलायला आरंभ केला, हा केवळ योगायोग नसावा. विशेषतः स्वमग्न व्यक्तींच्या आपसांतील पत्रव्यवहारातून १९९० च्या दशकात एक नवा विचार पुढे आला: जीवसृष्टीत जशी विविधता, तशी मेंदूंच्या घडणीतही असते, आणि तिला सरसकट रोग म्हणणे योग्य नाही. सिडनी येथील ज्युडी सिंगर यांनी १९९८ च्या आपल्या समाजशास्त्रीय प्रबंधात या विचाराला ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ या नावाने स्थान दिले. आपण त्याला मेंदूंचे वैविध्य म्हणू. हा विचार विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून जगापुढे यावा, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

आता आपल्याकडे वळू. बोस्टनमध्ये दावा दाखल झाला त्याच वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने अध्ययन-अक्षम मुलांना शालान्त परीक्षेत काही सवलती देण्यास मान्यता दिली. भारतात असे पाऊल प्रथम उचलणारे राज्य आपलेच. अर्धा तास अधिक वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे कानाडोळा, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित व त्याच्या जोडीला कार्यानुभवाचा विषय, असे त्यांचे स्वरूप होते. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापना झाली. प्रमाणपत्र मात्र मुंबईतील मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांतूनच मिळे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय हे त्यांतील प्रमुख. वसई-विरारकडच्या आईने मुलाला घेऊन दादरला गाडी बदलायची, रांगेत दिवस घालवायचा, पुढच्या तारखेला पुन्हा यायचे. ज्यांच्या घरी हे झाले त्यांना अधिक सांगणे नको. इंग्रजी माध्यमातल्या, जाणत्या पालकांच्या मुलांना या योजनेचा लाभ आधी मिळाला. मराठी शाळेतल्या मुलाची अडचण ओळखायला मराठीतल्या चाचण्या हव्यात, हे उशिरा उमगले.

आणि हे सारे दहावी-बारावीपुरते. पुढे काय? १९९५ च्या केंद्रीय अपंगत्व कायद्यात सात प्रकार मोजले होते. त्यांत अध्ययन-अक्षमता नव्हती आणि स्वमग्नताही नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न व्यक्तींच्या पालकत्वाची चिंता वाहिली, महाविद्यालयातील त्यांच्या जागेची नव्हे. शाळेत ज्याला अर्धा तास अधिक मिळाला, तो मुलगा पदवीच्या पायरीवर कायद्याच्या दृष्टीने जणू अचानक बरा झाला! २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकारांची संख्या एकवीसवर नेली; विशिष्ट अध्ययन-अक्षमता आणि स्वमग्नता ही दोन्ही त्यांत आली. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. अक्षरे उलटसुलट दिसण्याचे टक्के कसे मोजायचे, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी निदान एवढे केले, की आठव्या वर्षानंतर चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी व्हावी आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र आजन्म चालावे. बोस्टनच्या निकालातील अठरा वर्षांची मर्यादा वाचकांना येथे आठवेल.

मराठीत आपण या साऱ्याला ‘सवलत’ म्हणतो, आणि आमच्या मते अर्धा घोटाळा या शब्दात आहे. सवलत तिकिटाच्या दरात मिळते, करात मिळते. देणाऱ्याची ती कृपा असते आणि घेणारा थोडा ओशाळा होतो. इंग्रजी कायद्यातील जो शब्द आहे, त्याचा भाव ‘सोय’ या साध्या शब्दात अधिक नेमका उतरतो. जिना चढता येत नाही त्याच्यासाठी उतरण बांधतात, ती सोय. पाहुणा आला की त्याची सोय पाहतात, आणि सोय जाणे तो सोयरा असे आपल्या घरांतून म्हणतात. परीक्षागृहातला अर्धा तास हीदेखील तशीच सोय होय. पेपर तोच, उत्तरे तीच, गुण देणाराही तोच.

मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी जे साधनकेंद्र सुरू झाले, त्याच्या इतिहासात या सोयीचा अर्थ चांगला दिसतो. छापील पुस्तक ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ते श्राव्य वा अन्य रूपात आणायचे, तर ग्रंथस्वामित्वाचा कायदा आड येत होता. तो बदलावा म्हणून ज्यांनी प्रयत्न केले त्यांत हे केंद्रही होते. २०१२ मध्ये भारतीय कायद्यात दुरुस्ती झाली; २०१३ च्या माराकेश येथील आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. या करारातील लाभार्थ्यांत केवळ अंध नाहीत. ज्यांची दृष्टी शाबूत आहे पण छापील अक्षर ज्यांना ग्रहण करता येत नाही, तेही आहेत. पर्सीला जे शिक्षण तोंडी मिळायला हवे होते, ते देण्याची वाट अशी एकशेसतरा वर्षांनी कायद्याने मोकळी झाली.

सॅमंथा मात्र अजून हिंडते आहे. लेखनिकाची मागणी करणाऱ्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाने नकार दिला होता. हात लिहिताना आखडतो हे खरे, पण तुमचे दिव्यांगत्व चाळीस टक्के भरत नाही, असे आयोगाचे म्हणणे. शिवाय अशी मुभा दिली तर तिचा दुरुपयोग होईल, ही भीतीही मांडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात ती भूमिका नाकारली. सोय देण्यासाठी टक्केवारीची अट कायद्यात नाही, आणि काही जण गैरफायदा घेतील या भयाने खऱ्या गरजूला वंचित ठेवता येणार नाही, असे त्याने स्पष्ट केले. खोटी प्रमाणपत्रे निघतात, हे आम्ही नाकारीत नाही. ती काढणाऱ्याला आणि देणाऱ्याला शासन व्हावे. पण खोटी नोट सापडली म्हणून कोणी बाजार बंद करीत नाही.

त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला बसलेली, लेखन-अक्षमता असलेली एक विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. नियमाप्रमाणे तिला एक तास अधिक मिळायचा होता. परीक्षाकेंद्रावरच्या लोकांना नियमच ठाऊक नव्हता, आणि ठरलेल्या वेळी तिची उत्तरपत्रिका हातातून काढून घेण्यात आली. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला. चूक परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेची होती, मुलीची नव्हे, असे त्यात म्हटले आहे. झालेला अन्याय कसा दूर करता येईल याचा विचार करून आठवड्याच्या आत पाऊल उचला, आणि केंद्रांवर काम करणाऱ्यांना यापुढे नीट शिकवा, असा आदेश यंत्रणेला मिळाला. तिच्या एकटीसाठी परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश मात्र न्यायालयाने दिला नाही.